खांबापाशी थांबणारा ऑटो

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून ते गाळून पत्राचा गाभा देतो.

‘आमचं घर कापड लाईनीत. खाली माझं शिलाई-पिकोचं दुकान, वर आम्ही राहतो. दिवाळीच्या गर्दीत नगरपरिषदेनं लाईनीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधून गाड्या बंद केल्या. महिनाभरापुरतं आहे, असं भोंग्यावरून सांगत फिरले. दिवाळी झाली, दोर सोडले आणि तिथं लोखंडी खांब रोवले. वर बोर्ड लावला : पादचारी मार्ग, सर्व वाहनांस प्रवेश बंद, आदेशावरून. आता पाच महिने झाले. मालकांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं. ऑटो खांबापाशी थांबतो. तिथून घर दोनशे पावलं. जाताना कसेबसे चालतात, येताना पाय उचलत नाही. मागच्या महिन्यात गटारीपाशी पडले. पोरगा एकदा त्यांना गाडीवर बसवून आत आला तर पाचशेची पावती फाडली. शेजारचे म्हणतात, रात्रीतून खांब उपटून टाकू. एकजण म्हणतो, सरकारी रस्ता हाय, गाडी अडवायचा कुणाला हक्कच नाही. खरं काय? आम्ही काय करावं?’

ताई, तुमचं पत्र वाचून बाजूला ठेवता आलं नाही, ते त्या दोनशे पावलांमुळे. डायलिसिसहून परतलेल्या माणसाला तेवढं अंतर किती लांब वाटतं, हे ज्याच्या घरात ते दुखणं आहे त्यालाच कळतं. तुम्ही विचारलेला प्रश्न कायद्याचा आहे, पण मालकांची खेप याही आठवड्यात आहेच. म्हणून आधी ती सोय, मग कायदा.

आजच एका कोऱ्या कागदावर मुख्याधिकारी आणि पोलीस निरीक्षक अशा दोघांच्या नावे अर्ज लिहा. मालकांचं नाव, डायलिसिसचे वार आणि वेळा, ऑटोचा किंवा मुलाच्या गाडीचा नंबर, आणि एकच मागणी : त्या वेळांना हे वाहन घराच्या दारापर्यंत येऊ द्यावं. डायलिसिस केंद्राच्या कार्डाची आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स जोडा. ते मागच्या महिन्यात पडले, त्याची तारीख लिहा. दोन्ही ठिकाणी आवक-जावकच्या टेबलावर प्रत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ‘साहेबांना तोंडी सांगतो, कागद कशाला’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पुढे जे काही होईल ते या शिक्क्याच्या तारखेपासून मोजलं जाणार आहे. खांबांपैकी एखादा कुलूप काढून निघणारा असेल, तर त्याची किल्ली कुणाकडे असते आणि रात्री-अपरात्री कुणाला हाक मारायची, हेही त्याच अर्जात विचारा.

दुसरी गोष्ट तितक्याच घाईची. खांब उपटायचा विचार शेजाऱ्यांच्या डोक्यातून काढा. खांब रोवण्यामागे कायदेशीर आदेश असो-नसो, तो नगरपरिषदेच्या पैशाने बसलेला आहे. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदा आहे आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. ज्या पोरांनी रात्री पहार चालवायची, त्यांची नावं उद्या पोलीस ठाण्यात असतील आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल. अशा भानगडीत गल्लीची बाजू खरी असूनही गल्लीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिलेली मी पाहिली आहे.

आता शेजारचे जे म्हणतात, ‘सरकारी रस्ता, गाडी अडवायचा कुणाला हक्कच नाही’, त्यात निम्मं खरं आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जायचा, अगदी वाहन घेऊन जायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्येच सगीर अहमद यांच्या प्रकरणात सांगितलं. रस्ता नगरपरिषदेच्या ताब्यात असला तरी ती त्याची मालकीण नव्हे. लोकांच्या वतीने सांभाळणारी विश्वस्त आहे. पण त्याच हक्कावर लोकांच्या हितासाठी वाजवी बंधनं घालता येतात, हेही राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदातच लिहिलेलं आहे. तेव्हा गाडी अडवता येते. ती कुणी अडवायची, कोणत्या कागदाने आणि कुठवर, एवढाच वाद शिल्लक राहतो. आणि तुमचं प्रकरण नेमकं तिथेच अडलं आहे, असं मला वाटतं.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातलं ११५ वं कलम यासाठीच आहे. लोकांची सुरक्षितता किंवा सोय यासाठी, किंवा रस्त्याचं-पुलाचं स्वरूपच तसं असेल तर, राज्य सरकार किंवा सरकारने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावर मोटार वाहनांना बंदी घालू शकतो. सगळ्या वाहनांना किंवा ठरावीक प्रकारच्या. मात्र त्यासाठी शासन राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि जागेवर तशी खूण, म्हणजे बोर्ड, लावावा लागतो. आपल्याकडे हे आदेश बहुधा जिल्हाधिकारी काढतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त काढतात, आणि मराठवाड्यात आयुक्तालय आहे ते छत्रपती संभाजीनगरात. म्हणजे तुमच्या गावासाठी सही शोधायची ती जिल्हाधिकाऱ्यांची. अशा आदेशांत महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ चाही उल्लेख असतो. वाहतुकीचं नियमन करायचा अधिकार तिथूनही येतो.

याच ११५ व्या कलमाला एक छोटं परंतुक, म्हणजे सवलत सांगणारी पुरवणी ओळ, जोडलेलं आहे. तुमच्या पत्रातल्या ‘महिनाभरापुरतं’ या शब्दावर मी थांबलो तो त्याच्यामुळे. बंदी एका महिन्याहून जास्त चालणार नसेल तर राजपत्रात अधिसूचना काढायची गरज नाही. गावात पुरेशी जाहीर वाच्यता केली की भागतं. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर गाड्या दुसरीकडून वळवतात. कोजागरीला पायी येणाऱ्या भक्तांनी रस्ते भरून जातात, तेव्हा वाहनांना वाट सोडावीच लागते. यात्रा, उरूस, दिवाळीचा बाजार यांच्यासाठीच ही सवलत आहे. अधिकार असलेल्या अधिकाऱ्याने तसं सांगितलं असेल, तर तुमच्याकडची दिवाळीतली भोंग्यावरची घोषणा यात बसते. पण महिना संपला की ती सवलतही संपते. त्यापुढे बंदी चालवायची तर राजपत्र हवंच. पाच महिन्यांची बंदी आणि बोर्डावर ‘आदेशावरून’ एवढाच शब्द, कुणाचा आदेश ते नाही, क्रमांक नाही, तारीख नाही, कलम नाही. असा बोर्ड पाहिला की आधी आदेश मागायचा.

नगरपरिषदेने सभेत ठराव केला असेल, असं कदाचित तुम्हाला सांगतील. नगरपरिषदेचे रस्त्यावर अधिकार आहेत. गटार खोदायचं, नळाची लाईन टाकायची, डांबर करायचं, तर ती काही काळ रस्ता बंद करू शकते. बाजाराची गल्ली चालणाऱ्यांसाठी ठेवावी असा ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवणं हेही तिचं काम आहे, आणि चांगलं काम आहे. पण मोटार वाहनांना बेमुदत मनाई करायची तर ११५ खालचा अधिकार सरकारने तिला दिलेला असला पाहिजे. नुसता ठराव ती जागा भरून काढत नाही. ठराव कायद्याला सोडून असेल तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. म्हणजे दोन्ही वाटा एकाच टेबलावर जातात.

बोर्डावरच्या ‘सर्व वाहनांस’ या शब्दांकडेही बघा. ११५ वं कलम मोटार वाहनांपुरतं आहे. सायकल, हातगाडा, बैलगाडी त्यात येत नाहीत. त्यांना अडवायचं तर पोलीस अधिनियमाखाली वेगळा नियम दाखवावा लागेल. चाकाच्या खुर्चीला तर असा बोर्ड लागूच होऊ नये.

इथे मला माझं मत सांगायलाच हवं, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. कागद सापडला नाही, तर ‘बंदी बेकायदा, खांब काढा, गाड्या पहिल्यासारख्या येऊ द्या’ असं म्हणायचा मोह होईल. ते मागू नका. कापड लाईन चालणाऱ्यांसाठी मोकळी असणं ही चूक नाही. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे सणासुदीला लहान लेकराचं बोट धरून चालणाऱ्या बाईचे हाल जिने सोसले तिला हे सांगायला नको. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचारी दिनासाठी गाड्यांना बंद ठेवतात आणि लोक रस्त्याच्या मधोमध चालत खरेदी करतात. दिल्लीच्या चांदणी चौकात सकाळी ९ ते रात्री ९ मोटारी बंद असतात. चालण्याजोगा, मोकळा पदपथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ रोजी स्पष्ट केलं आहे. उद्या तुम्ही न्यायालयात ‘गाड्या पाहिजेत’ म्हणत उभ्या राहिलात तर न्यायाधीश हा हक्क तुमच्यासमोर ठेवतील, आणि ते बरोबरही असेल.

जिल्हाधिकारी एका अधिसूचनेने हा सगळा प्रकार उद्या कायदेशीर करू शकतात, हीही गोष्ट विसरू नका. मग नुसता ‘कागद नाही’ हा मुद्दा जिंकून तुमच्या घराला काय मिळालं? काही नाही. मालकांचा ऑटो खांबापाशीच थांबेल. म्हणून मागायचं ते अपवाद मागा. ११५ व्या कलमातच ‘अधिसूचनेत नमूद केलेले अपवाद आणि अटी’ यांना जागा ठेवलेली आहे. तुमचा हक्क त्या चार शब्दांत बसतो.

चांदणी चौकाची वेळ बघा. तिथे रात्र मोकळी ठेवली, कारण दुकानांना माल लागतो. माथेरान घ्या. २००३ मध्ये ते पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र ठरलं, आणि गावात मोटारींना मनाई इतकी कडक की सगळ्या गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. तरीही रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीला तिथे वाट आहे. माणसाने माणूस ओढण्याच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून त्यांच्या जागी ई-रिक्षा आणा, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. एवढ्या कडक बंदीच्या गावातही ज्याला चालवत नाही त्याची सोय विचारात घ्यावी लागली. मग तुमच्या लाईनीत ती का नको?

तेव्हा अर्जात असं मागा : रुग्णवाहिका, अग्निशमन गाडी, स्वर्गरथ यांना कोणत्याही वेळी वाट, लाईनीत राहणाऱ्या आजारी, वृद्ध, दिव्यांग माणसांना ने-आण करणाऱ्या वाहनाला परवाना, राहत्या कुटुंबांना गॅस सिलिंडरसाठी आणि दुकानांना मालासाठी सकाळची ठरावीक वेळ, आणि खांब कुलपाचे, काढता येणारे. सिमेंटात कायमचा गाडलेला खांब आग लागली त्या रात्री किल्ली मागून निघत नाही. कापडाच्या दुकानांच्या गल्लीत हे मी जास्त ठासून सांगतो. रुग्णवाहिकेला किंवा आगीच्या बंबाला वाट न देणाऱ्या चालकाला मोटार वाहन कायद्यात सहा महिने कैद किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही, सांगितलेले आहेत. चालकावर एवढी जबाबदारी टाकणाऱ्या कायद्याला रस्त्यात गाडलेला लोखंडी खांब कसा चालेल, हा प्रश्न मुख्याधिकाऱ्यांना लेखी विचारण्यासारखा आहे.

एक गोष्ट मनाला लागेल, तरी सांगतो. किडनीचा आजार दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ च्या एकवीस प्रकारांत नाही. त्यामुळे डायलिसिसवरचा माणूस आपोआप दिव्यांग ठरत नाही. आधी दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढा म्हणून कुणी तुम्हाला हेलपाटे घालायला लावलं तर त्यात वेळ घालवू नका. तुमची मागणी उपचारासाठीची आहे, आणि तिला डॉक्टरांची चिठ्ठी पुरते. पडल्यामुळे चालण्यावर कायमचा परिणाम झाला असेल तर मात्र वेगळी तपासणी करून घ्या.

आणि जे तुमच्या हक्कात नाही, तेही जाणून असा. घराला लागून रस्ता असेल तर त्या रस्त्यावर यायचा-जायचा तुमचा हक्क पक्का आहे. पण दारात गाडी उभी करून ठेवायचा हक्क रस्ता देत नाही. दुकानात येणाऱ्या बायकांच्या स्कूट्या पायरीपाशी लागाव्यात, हेही हक्क म्हणून मागता येणार नाही. धंदा थोडा बसला असेल, पटतं मला. त्यासाठी लाईनीच्या तोंडाशी गाड्या लावायची जागा मागा. पार्किंगच्या जागा ठरवताना स्थानिक संस्थेशी सल्लामसलत व्हावी असं कलम ११७ सांगतं, म्हणजे नगरपरिषदेला त्यात बोलायचा अधिकार आहे. ग्राहकांची मागणी आणि मालकांच्या उपचाराची मागणी एका अर्जात मात्र कधीही घालू नका. दुकानाचा मुद्दा आला की दुखण्याचा मुद्दा हलका पडतो.

मुलाची पावती. ती भरून झाली असेल तर तो विषय संपवा. पहिल्या चुकीला पाचशे, पुढच्या वेळी पंधराशे, असा साधा हिशेब आहे. म्हणून परवाना हाती येईपर्यंत त्याने गाडी आत घालू नये. बोर्ड चुकीचा वाटला तरी तो उभा आहे तोवर पाळायचा, हा नियम मलाही कधीकधी जड वाटतो, पण भांडण अर्जात भांडायचं, खांबापाशी नाही. पुन्हा चलन आलं तर ते लगेच भरू नका. त्यावर कोणतं कलम लिहिलंय ते बघा आणि न्यायालयासमोर म्हणणं मांडा. वडिलांना उपचाराहून आणत होतो, हे तिथे ऐकलं जातं.

कागद मिळवायचा तो माहितीच्या अधिकारातून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे एक आणि नगरपरिषदेकडे एक, असे दोन अर्ज करा. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. फार लिहू नका. ‘अमुक रस्त्यावर मोटार वाहनांना प्रवेशबंदी करणारी, मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११५ खालील अधिसूचना, तिची राजपत्रातील प्रसिद्धीची तारीख आणि खांब बसवण्याच्या कार्यादेशाची प्रत द्यावी’, एवढं पुरे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ‘अशी अधिसूचना अभिलेखात आढळून येत नाही’ असं उत्तर आलं तर तो कागद जपून ठेवा. पुढे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा तोच असेल.

तेवढ्या वेळात जिल्हाधिकाऱ्यांकडे अपवादांचा अर्ज गेलेला असू द्या, आणि त्यावर लाईनीत राहणाऱ्या प्रत्येक घराची सही घ्या. खाली दुकान आणि वर घर असं तुमच्यासारखं कोण कोण आहे, त्यांत म्हातारी माणसं किती, बाळंतीण किती, हे एका कागदावर मांडा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणून तहसीलमध्ये नमुना विचारून ठेवा.

वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून मागे राहू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. साध्या कागदावर अर्ज करा. उच्च न्यायालयाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे आणि रिट याचिकेची वाट उघडी आहे, पण ती शेवटची. तिथे तुम्हाला पहिलं विचारतील की आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला होता का, आणि त्यांनी काय केलं. तेव्हा आजच्या त्या शिक्क्याची तारीख उपयोगी पडेल.

अर्ज लिहायला बसण्याआधी एक काम करा. तुमच्या दुकानातली टेप घ्या आणि दोन खांबांमधलं अंतर मोजा. चाकाची खुर्ची सरळ जायला साधारण ९० सेंटीमीटर मोकळी जागा लागते. अंतर त्याहून कमी भरलं तर तो आकडा अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा.